दरसाल औषध मारूनही दिवाणाखाली भुकटी पडते? उधळी आणि घून यात घोळ होऊन राहिला असेल

होळी झाली का आमच्या दिवाणाखाली भुकटी पडणं सुरू. एकदम बारीक, मैद्यासारखी, बोटाला लावली तर पावडरसारखी चिकटते. सकाळी झाडून काढा, दोन दिवसांनी त्याच जागी परत छोटी छोटी ढिगली. आणि तिकडे मागच्या खोलीत न्हाणीच्या भिंतीला लागून जी चौकट आहे तिच्यावर मातीच्या रेघा चढलेल्या, खरवडल्या की आतून पांढरे किडे पळतात. तीन वर्षं हेच चालू होतं आणि तीन वर्षं मी दोन्हीला एकच समजून औषध मारून राहिलो होतो, कारण आमच्या इकडे लाकडाला काहीही झालं तरी शब्द एकच, उधळी लागली. कोणी उदई म्हणते, पुस्तकात वाळवी, पण डोक्यात किडा एकच. ज्यांच्या घरी असा प्रकार आहे त्यांच्यासाठी लिहितो, जरा लांबेल.

घर चंद्रपूर जिल्ह्यात, धानपट्ट्यात. पुढचं जुनं कवेलूचं, आजोबाच्या वेळचं, मागे दोन खोल्या नंतर काढलेल्या सिमेंटच्या. दिवाण पाच वर्षांपूर्वी बनवला, सागवानाचा म्हणून.

पहिल्या वर्षी काय केलं तर घासलेट. सिरिंज घेतली आणि दिवाणाच्या एकेका छेदात घासलेट सोडलं, घरात आठ दिवस वास, आई दिवाणावर झोपेना. भुकटी थांबली, मी खुश. पुढच्या होळीला परत. दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आणलं आणि मागच्या चौकटीला खालून हातभर फासलं. त्याने काय झालं तर मातीची रेघ चौकट सोडून बाजूच्या भिंतीवरून वर गेली आणि ऑइल जिथे संपलं तिथे परत लाकडात घुसली, म्हणजे आपल्यापेक्षा हुशार. तिसऱ्या वर्षी मग तालुक्याच्या गावातून एक पेस्ट कंट्रोलवाला बोलावला. त्याने भिंतीच्या कडेने फरशीला छेद पाडून औषध सोडलं, वर पंपाने दिवाणाखाली पण शिंपलं, साडेचार हजार घेतले, वर्षभराची गॅरंटी तोंडी. आणि खरं सांगायचं तर मागच्या चौकटीची माती बंद झाली ती आजपर्यंत बंदच आहे. पण दिवाणाची भुकटी मार्चमध्ये हजर. फोन केला तर म्हणतो, साहेब ती जुनी भुकटी आहे, गळत राहते. मला तेव्हा लय राग आला, नंतर समजलं की जुनी भुकटी गळते हे काही अगदीच खोटं नाही, फक्त आमच्या दिवाणाबद्दल खोटं होतं.

उलगडा केला तो गावातल्या सुतार मामाजींनी. आता काम बंद आहे त्यांचं, डोळ्याला कमी दिसते, पण दिवाणाच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाबू, हे उधळी नाही होय. हे घून होय. तू आंब्याच्या झाडाले वखरून राहिला अन् तण धानात आहे." मी म्हटलं मामाजी, किडा तो किडा, औषध तर मारलंच ना. तर म्हणे, "उधळीचं घर कुठं राहते? जमिनीत. अन् याचं घर? हे लाकूडच याचं घर. तू जमिनीले औषध पाजलं, याले काऊन लागन?"

एवढंच आहे खरं तर सगळं, पण उपाय बरोबर करायचा तर थोडं खोलात जावं लागते.

मातीच्या रेघा काढणारी उधळी लाकडात राहत नाही, लाकडात जेवायला येते. वारूळ उभं करणारी जी आपल्या शेताच्या धुऱ्यावर दिसते तिचं शास्त्रीय नाव ओडोंटोटर्मिस ओबेसस, मुलगी झूलॉजी शिकते तिने सांगितलं, आणि हे पण सांगितलं की उधळीला आपण पांढरी मुंगी म्हणतो पण ती मुंगीच्या नाही, झुरळाच्या खानदानातली आहे. राणी, राजा, अंडी सगळं जमिनीत. घरात येतात ते कामकरी, डोळे नसलेले, नाजूक कातडीचे, कोरड्या हवेत उघड्यावर जास्त वेळ टिकत नाहीत, म्हणून मातीचं भुयार करत करत येतात. ते लाकूड नेऊन आत बुरशीची बाग पिकवतात, स्पंजासारखी, ती बुरशी लाकूड कुजवते मग ते खातात. पावसाळ्यात वारुळावर ज्या सात्या निघतात आणि आपण चवीने खातो ती त्याच बुरशीची छत्री. म्हणजे उधळीच्या वावरातलं पीक आपण खातो आणि ती आपली चौकट खाते, हिशोब बरोबरच म्हणा.

घून म्हणजे भुंगेऱ्याची अळी. सागाच्या दिवाणात जो निघाला तो लिक्टस, आपल्याकडे सापडणारी त्यातली एक जात लिक्टस आफ्रिकानस. भुंगेरा लहान, चार-पाच मिलिमीटर, सडपातळ, तांबूस तपकिरी. मादी लाकडाच्या उघड्या तोंडावर, कापलेल्या टोकाला, जिथे बारीक नळ्या दिसतात त्यात अंडी घालते. अळी आतल्या आत महिनोन्महिने लाकूड पोखरत राहते, बाहेर काही दिसत नाही, आणि मोठी झाली की भुंगेरा होऊन छेद पाडून बाहेर येते. म्हणजे ज्या छेदात मी घासलेट सोडत होतो तिथून किडा आधीच निघून गेलेला. रिकाम्या घरात घासलेट. बाजूच्या अळ्या ज्या अजून आत होत्या त्या पुढच्या होळीला बाहेर. भुकटी गरमीतच का दिसते तेही यातच आलं, भुंगेरे निघायचा हंगाम तो.

आता मुख्य फरक, जो मला सगळ्यात कामाचा वाटला. उधळी लाकडाचा मूळ धागाच खाते, सेल्युलोज, त्यामुळे तिला लाकूड नवं जुनं फार फरक नाही, कागद, पुठ्ठा, तुराट्या, पऱ्हाटी, सगळं चालते. लिक्टसच्या अळीला सेल्युलोज पचतच नाही. तिला लाकडात साठलेला स्टार्च पाहिजे, आणि स्टार्च असते फक्त झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागात. आतल्या तपकिरी गाभ्यात नाही. म्हणून घून लागलेली पट्टी बघा, एका बाजूने चाळणी आणि मध्ये रेघ मारल्यासारखा जिथून गाभा सुरू होते तिथे थांबलेली. आमच्या दिवाणाच्या पट्ट्यांची एक एक कड पांढरी होती, पॉलिशखाली दिसली नाही, ज्याने विकला त्याला दिसली असेलच. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तिथे पांढरी कड कोणी चालू दिली नसेल, ती आपल्या दिवाणासाठी राहते.

आणि याच कारणाने आजोबाच्या वेळच्या मयालीला, म्हणजे छताच्या आडव्या तुळईला, घून नाही. मी मामाजींना विचारलं, तीच हवा, तेच घर, वरच्या मयालीला काही नाही आणि खाली पाच वर्षांच्या दिवाणाची चाळणी. एक तर मयाल पूर्ण गाभ्याची, दुसरं म्हणजे लाकूड जुनं झालं की स्टार्च कमी होत जाते, लिक्टस सहसा लाकूड कापल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच लागते. उधळीला मात्र ही सवलत नाही, ती शंभर वर्षं जुन्या लाकडालाही लागू शकते, फक्त सागाच्या गाभ्याला जरा टाळते, त्यात तिला न मानवणारी द्रव्यं असतात.

तर ओळखायचं कसं. पहिली गोष्ट, माती का पीठ. माती दिसली, मातीची नळी, मातीचा पापुद्रा, तर उधळी. कोरडं पीठ आणि पेन्सिलच्या टोकाएवढे, एक-दोन मिलिमीटरचे गोल छेद दिसले तर घून. ही मातीवाली उधळी छेद पाडून भुसा बाहेर टाकत नाही, ती आतून पोकळ करते, वरून पापुद्रा तसाच ठेवते, पेचकसाने टोचलं तर कागदासारखा फाटते आणि आत मातीचे थर. घुनाचं लाकूड फोडलं तर आत पीठ ठासून भरलेलं, माती अजिबात नाही.

जिवंत आहे का मेलेलं, ही दुसरी गोष्ट आणि इथेच लोकांचे पैसे जातात. उधळीची नळी मध्ये दोन बोटं तोडा आणि दोन दिवसांनी बघा, बुजवली असेल तर रहदारी चालू. घुनाचं तसं नाही, कारण जुनी भुकटी दिवाण हलला, कोणी बसलं, पोरांनी उड्या मारल्या की गळतेच, पेस्ट कंट्रोलवाला तेवढं खरं बोलला. त्यासाठी सगळे छेद मेणबत्तीच्या मेणाने बुजवायचे, नाही तर त्यावर कागदी चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. उन्हाळाभर थांबायचं. पट्टीला आरपार नवीन छेद पडला तर आत माल आहे. नवीन छेदाच्या आतला रंग पण उजळ राहतो, जुना मळकट.

एक तिसराच गडी आहे तो मध्ये गोंधळ घालते. मोठा काळा भुंगा, गुंगुं करत छपरीच्या बल्लीत बोट जाईल एवढा गोल छेद पाडते. लोक म्हणतात हाच घून. तो घून नाही, ती माशीच्या जातीची आहे, सुतार मधमाशी, लाकूड खात नाही, फक्त अंड्यासाठी घर करते, खाणं तिचं फुलांवर. तिच्यामागे औषध घेऊन धावू नका, जुनी बल्ली असली तर बदला, नाही तर राहू द्या.

आता उपाय, आधी उधळीचा. औषधाच्या आधी ओल शोधा. आमच्याकडे न्हाणीचं पाणी चौकटीच्या पायापाशी मुरत होतं आणि बाहेरून त्याच भिंतीला मी तुराट्यांचा ढीग लावला होता, वर्षानुवर्षं, म्हणजे जेवायचं ताट, पाण्याचा गिलास आणि सावली सगळं देऊन वर विचारत होतो की ही येते काऊन. ढीग तिथून हलवला, पाण्याला नाली काढली. मग जमिनीचं औषध. इमारतीच्या उधळीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३, त्यात बांधून झालेल्या घरासाठी पद्धत अशी की फरशी आणि भिंत जिथे मिळते तिथे १२ मिलिमीटरचे छेद ३० सेंटिमीटर अंतराने पाडायचे, औषध मुरेल तेवढं सोडायचं आणि छेद बंद करायचे. पेस्ट कंट्रोलवाल्याने हे बरोबर केलं होतं. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्केवालं वापरतात ते लिटरला २ मिलीच्या आसपास लागते, लेबलवर लिहिलेलं असते तेच घ्यायचं, अंदाजाने झाकण भरून नाही. घराजवळ विहीर असेल, बोअर असेल तर त्या बाजूला हे करूच नका, आधी जाणत्या माणसाला विचारा.

आणि एक विनंती. कपाशीचं उरलेलं औषध दिवाणावर, पलंगावर मारू नका. हे मी दोन घरी पाहिलं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ती उघड्या वावरात. आपण तेच औषध बंद खोलीत, ज्यावर लेकरू झोपते त्या लाकडावर मारून राहिलो.

शेतातलं वारूळ फोडत बसायची गरज नाही, घरापासून लांब असेल तर असू द्या, ती जमीन वरखाली करते, पालापाचोळा कुजवते. पूजा करता नागपंचमीला आणि दुसऱ्या दिवशी कुदळ, असं नका करू. फक्त कच्चं शेणखत घराच्या कडेच्या झाडांना टाकू नका, उधळी त्यावर येते, तिथून चौकट लांब नाही.

घुनाला जमिनीचं औषध शून्य उपयोगाचं. इथे लाकडालाच बघावं लागते. आमच्या दिवाणाच्या तीन पट्ट्या इतक्या गेल्या होत्या की दाबलं तर मोडत, त्या काढून बदलल्या, गाभ्याच्या टाकल्या, काढलेल्या त्याच दिवशी चुलीत, ठेवून दिल्या असत्या तर बाकीच्यांना लागल्या असत्या. बाकी पट्ट्यांचं पॉलिश पूर्ण घासून काढलं, कारण पॉलिशवरून काही आत जात नाही. मग बोरिक पावडर आणि टाकणखार. ५ लिटर गरम पाण्यात ३०० ग्राम टाकणखार, २०० ग्राम बोरिक, पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं आणि ब्रशने तीन हात, प्रत्येक वेळी आधीचा हात ओलसर असतानाच, म्हणजे आत मुरते. टोकांना जास्त पाजायचं, नळ्या तिथे उघड्या असतात. बोरिक म्हणजे कॅरमवर टाकतो तीच पावडर, पण म्हणून पोरांच्या हाती देऊ नका, पोटात गेली तर वाईट. हे पोटातून काम करते, अळीने औषध मुरलेलं लाकूड खाल्लं तर मरते, म्हणून जाड लाकडाच्या मध्यभागी असलेली अळी यातून सुटू शकते आणि एखाद-दुसरा भुंगेरा पुढच्या उन्हाळ्यात निघू शकते, त्याने घाबरू नका. पूर्ण वाळलं की पॉलिश. पॉलिशने नळ्यांची तोंडं बंद होतात, मादीला अंडी घालायला जागा राहत नाही. पण आधी पॉलिश मारून किडा मरेल असं समजू नका, आतला भुंगेरा पॉलिश फोडून बाहेर येते, आमच्याकडे आला.

हे औषध पाण्याने धुऊन जाते, म्हणून घरातल्या लाकडालाच, अंगणातल्या खांबाला नाही.

उन्हाचा उपाय पण आहे आणि आपल्याकडे उन्हाचा तोटा नाही. जहाजाने परदेशात जाणाऱ्या लाकडी खोक्यांसाठी नियम आहे की लाकडाच्या अगदी गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं पोचली पाहिजे, मग आतला किडा मेला समजतात. मे महिन्यात टिनावर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पातळ पट्ट्या, पाटी, पोळपाट असं ठेवलं तर दुपारी ते तापते भरपूर. माझं मत, पातळ वस्तूला जमते, दिवाणाच्या चार इंची खुराला, म्हणजे पायाला, नाही, वरून हात भाजेल पण मध्ये काही होणार नाही. दिवाणाचे पाय मी या नादात दोन दिवस उन्हात ठेवले, एकाला तडा गेला, बाकी काही नाही.

बांबूचं वेगळं लिहायला पाहिजे कारण आमच्या इकडे सूप, टोपली, ढोली, छपरीचे फाटे, सगळं बांबूचं. बांबूत येते तो घुनाचा चुलतभाऊ, डायनोडेरस, अजून लहान, तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि याची मुंडी वरून दिसत नाही, टोपडं ओढून घेतल्यासारखी खाली झाकलेली. लिक्टसची मुंडी वरून दिसते. मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, स्पष्ट कळते. तो पण स्टार्चचाच भुकेला, आणि लय घाईचा, बांबू तोडल्यावर थोड्याच दिवसांत हजर.

म्हणून तोडायची वेळ महत्त्वाची. जुने लोक अंधाऱ्या पक्षात तोडा म्हणतात. मला त्यात फार दम वाटत नाही, पण महिन्यात आहे. बांबू पावसाळ्यात वास्ते, म्हणजे नवे कोंब, काढते, त्यासाठी उन्हाळ्यात स्टार्च भरून ठेवते. वास्ते निघून गेले की साठा खाली होते. म्हणजे दिवाळीनंतर थंडीत, तीन-चार वर्षांचा बांबू तोडला तर घुनाला खायला कमी, आणि एप्रिल-मेमध्ये तोडला तर भरलं ताट. आमचे छपरीचे फाटे लग्नाच्या मांडवासाठी मे महिन्यात तोडलेले होते, तेच नंतर छपरीला लावले, फुकट पडले म्हणून. दोन वर्षांत भुकटी.

दुसरं, बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, बुडवणं. तोडलेले बांबू दगड ठेवून दीड-दोन महिने पाण्यात, वास सुटते घाणेरडा, पण स्टार्च सडून निघून जाते, मग सावलीत उभे करून वाळवायचे. हे घुनासाठी चांगलं चालते. उधळीसाठी नाही, कारण पाण्यात स्टार्च जाते, धागा तसाच राहते, आणि उधळीला धागाच पाहिजे. बोडीतल्या बांबूचा खांब करून सरळ मातीत गाडला आणि उधळी लागली की लोक म्हणतात बुडवण्याने काही होत नाही. झालं होतं, दुसऱ्या किड्यासाठी झालं होतं. खांबाखाली दगड नाही तर सिमेंटचा ठोकळा द्या. धान्याच्या ढोलीला, सुपाला मात्र बोरिक लावू नका, त्याला पाण्यात बुडवलेला बांबू आणि चुलीचा धूर एवढंच, आईच्या चुलीवर टांगलेली टोपली वीस वर्षांची आहे, काळीकुट्ट, एक छेद नाही.

सध्याची स्थिती अशी. मागची चौकट, माती नाही. दिवाणावर एकूण एकतीस चिकटपट्ट्या लावल्या होत्या फेब्रुवारीत, जूनपर्यंत दोन फुटल्या, दोन्ही डाव्या मागच्या पायाच्या, जो जाड आहे आणि ज्याच्या आत औषध पोचलं नसणार. त्याला पाऊस उघडला की परत घासून बोरिक देतो. छपरीचे फाटे बदलायचे आहेत, पण यावेळी मामाजींनी दम दिला आहे, "दिवाळीच्या आंधी कुऱ्हाड लावली तर मले बोलवू नको." बोडीत जागा बघून ठेवली आहे, फक्त शेजारच्यांच्या म्हशी तिथेच बसतात, त्यांचं काय करायचं ते बघतो.